चार मिलिमीटरचा गंधार

तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर बोट दाबून मी तार छेडली आणि आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "गंधार चढायलाय तुझा."

मी फोनकडे बघितलं. ट्यूनरची सुई बरोबर मधोमध, हिरवीगार. पुन्हा छेडली. पुन्हा हिरवी.

"आत्या, ॲप तर बरोबर म्हणायलंय."

"मग ॲपला ऐकव," ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली.

हे अंबाजोगाईतलं. मी एरवी पुण्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये. घरून काम करायची मुभा असली की महिना-दोन महिने इकडे येतो. डिग्री इंजिनिअरिंगची, संगीताचं शिक्षण शून्य. गिटार व्हिडिओ बघून शिकलो. सगळे शिकतात तसंच, आधी चार कॉर्ड, मग एक-दोन गाणी, मग एके दिवशी जाणवतं की आपल्याला या दांडीवर कुठे काय आहे ते अजिबात माहीत नाही, आणि मग स्केल.

आत्याचं उलटं. ती तंबोऱ्यावर शिकली. परीक्षा दिल्या, लग्न झालं, मग घरीच पोरींना शिकवत राहिली. मैफिली वगैरे काही नाही. तरुणपणी काळी चारमध्ये गायची, पन्नाशीनंतर पांढरी पाचवर आली. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं थांबलं. मिरजेचा तंबोरा कोपऱ्यात खोळ घालून उभा असतो. या खेपेला आलो तेव्हा ती म्हणाली की गावातल्या एका शाळेत संगीताच्या नव्या बाई आल्यात, तंबोरा त्यांना देऊन टाकते. घरात कुणाला वाजवायचाय?

मला राग आला नाही, पण काहीतरी खटकलं. आणि खटकलं त्याच आठवड्यात गंधाराची ही भानगड सुरू झाली. आत्या चुकीचं ऐकते आहे की माझी गिटार खोटं बोलते आहे, एवढंच मला शोधायचं होतं. शोधता शोधता मी आमच्याच गावच्या एका शिलालेखापाशी पोचलो.

*

ज्यांनी गिटार हातात घेतलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. गिटारच्या सहा तारा. लागोपाठच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चार. ही एक तार अशी वाकडी वागते म्हणून नवशिक्याचं डोकं फिरतं. बाकी ठिकाणी बोटांचा एक आकार पाठ केला की तो वर-खाली सरकतो. दुसऱ्या तारेवर आला की मोडतो, सगळं एक घर पुढे सरकवावं लागतं.

स्केल दोन प्रकारे वाजवता येतं. एका तारेवर लांबीला, सा पासून वरच्या सा पर्यंत पळत जायचं. किंवा हात एका जागी ठेवून आडवं, तारांवरून तारांवर. गिटारवाले आडवं शिकतात. चार-पाच फ्रेटच्या चौकटीत सगळे सूर सापडतात, त्या चौकटीला बॉक्स म्हणतात. असे पाच बॉक्स एकमेकांना जोडले की अख्खी दांडी पाठ. मी भिंतीवर तक्ता चिकटवला होता आणि मीटिंग चालू असताना म्यूट करून सराव करायचो.

एकदा आत्याला तक्ता दाखवला. तिसरी तार मोकळी म्हणजे सा धर, पांढरी पाच, तुझीच पट्टी, मग हे सात सूर. तिने बोटाने वाचलं. "बिलावल आहे." मग मी म्हणालो, हेच सात सूर, एकही फ्रेट न बदलता, फक्त रिषभाला सा मान. ती मनात म्हणून बघत होती, ओठ हलत होते. "काफी." गंधाराला सा मान. "भैरवी." मध्यमाला? "कल्याण." पंचमाला खमाज, धैवताला आसावरी. निषादाला सा मानलं तेव्हा ती थांबली. "याला पंचम कुठंय?" बरोबर. तिथे शुद्ध पंचम मिळतच नाही, म्हणून तो थाटही नाही.

म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या दहा थाटांपैकी सहा या एकाच तक्त्यात बसलेले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी बसत नाहीत, त्यांची घरं वेगळी. मला वाटलं मी मोठा शोध लावला. आत्या म्हणाली, "याला मूर्च्छना म्हणतात. पुस्तकात आहे."

*

थाट हा शब्द बघा. आपण दुकान थाटतो, संसार थाटतो. मांडामांड करतो. लग्नातला थाटमाटही तिथलाच. संगीतातला थाट म्हणजेही मांडणीच, आणि तीसुद्धा डोळ्यांना दिसणारी: सतारीच्या दांडीवर पडदे कुठे कुठे बांधलेत ती. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक एखादा पडदा अर्धा इंच वर किंवा खाली सरकवतो. याला चल थाट म्हणतात. सगळ्या कोमल-तीव्र सुरांसाठी वेगवेगळे पडदे कायमचे बांधून टाकले की अचल थाट. म्हणजे थाट ही मुळात सेटिंग आहे. राग वाजवण्याआधी करायची.

हा शब्द सतारीवरून उचलून अख्ख्या संगीताच्या वर्गीकरणाला लावून प्रस्थापित करणारा माणूस वकील होता. विष्णु नारायण भातखंडे, जन्म १८६० चा, मुंबईचा. तरुणपणी सतार शिकलेला. वकिली केली, पण जीव तिच्यात नव्हता. बायको आणि मुलगी गेल्यावर उरलेलं सगळं आयुष्य संगीत गोळा करण्यात घातलं. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले. तिथे त्यांची गाठ पडली तंजावरच्या व्यंकटमखीच्या सतराव्या शतकातल्या ग्रंथाशी, 'चतुर्दंडीप्रकाशिका'. त्यात बहात्तर मेल आहेत.

हे बहात्तर कुठून आले ते मी एका रविवारी कोड लिहून काढलं. सा आणि पंचम पक्के. रिषभ-गंधारासाठी चार जागा, त्यातल्या दोन निवडायच्या: सहा प्रकार. धैवत-निषादासाठी तेच: सहा. मध्यम शुद्ध किंवा तीव्र: दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन. तीन लूप, एकात एक. (बारा फ्रेट गुणिले सहा तारा हेही बहात्तरच होतं. ही निव्वळ गंमत, त्यातून काही निघत नाही. पण मी अर्धा तास तिच्यामागे घालवला.)

उत्तरेत रिषभ, गंधार, मध्यम, धैवत, निषाद या पाच सुरांची दोन-दोन रूपं. पाच बिट. दोनाचा पाचवा घात बत्तीस. कुठल्याही प्रोग्रामरने बत्तीस थाटांची यादी छापली असती आणि हात झटकले असते. भातखंड्यांनी बत्तिसातले दहाच घेतले. का, तर गवय्यांच्या गळ्यात जे राग प्रत्यक्ष होते ते साधारण या दहांत बसत होते. जे गणितात आहे पण कुणी गात नाही ते त्यांनी टाकून दिलं. यावर टीका खूप झाली आणि ती रास्तही आहे. चारुकेशी दहांपैकी कुठल्याच थाटात नीट बसत नाही, आणि आज चारुकेशी सगळे गातात. तरी मला हा माणूस आवडतो. डेटा मॉडेल बनवताना सगळ्या शक्यता भरायच्या की वापरात असलेल्याच, हा वाद आमच्या ऑफिसात दर महिन्याला होतो आणि दरवेळी कुणीतरी चिडून चहाला जातं.

त्यांची 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत आहे, चार भाग, सगळी प्रश्नोत्तरांच्या रूपात. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. आत्याकडे पहिला भाग आहे, पानं पिवळी पडलेली, समासात पेन्सिलीच्या खुणा.

*

आता मूर्च्छनेच्या पुस्तकाबद्दल. ते पुस्तक म्हणजे 'संगीतरत्नाकर'. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला लिहिलेलं. सात अध्याय, २६४ राग, आणि त्यानंतर सातशे-आठशे वर्षं उत्तर-दक्षिण दोन्हीकडे ज्याला आधार मानलं गेलं असा ग्रंथ. लिहिणारा शार्ङ्गदेव. त्याचं घराणं काश्मीरचं, आजोबा दक्षिणेत येऊन स्थिरावले. तो यादव राजा सिंघणाच्या दरबारात श्रीकरण खात्याचा प्रमुख होता. म्हणजे हिशेब, जमाखर्च, दफ्तर. शिवाय वैद्यकही जाणायचा. दिवसा राज्याची वही बघणारा माणूस संगीताचा सगळ्यात मोठा ग्रंथ लिहितो, हे वाचून मला एकदम धीर आला.

याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर. आणि खोलेश्वर हे नाव अंबाजोगाईत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. गावात त्याच्या नावाचं मंदिर आहे. इथल्या यादवकालीन शिलालेखांत, १२२८ च्या आणि १२४० च्या, त्याची आणि त्याच्या कुटुंबाची हकीकत आहे. लहानपणी आम्ही बाराखांबीच्या पडक्या खांबांमध्ये लपाछपी खेळायचो तेव्हा ते दगड कुणाच्या काळातले याच्याशी आम्हाला काही घेणं नव्हतं. आता हिशेब केला: ज्या वर्षांत इथे लेख कोरला जात होता त्याच सुमारास, त्याच राजाच्या पदरी, तिकडे देवगिरीला एक हिशेबनीस श्रुती मोजत होता. दोघांना पगार एकाच खजिन्यातून.

मोजत होता म्हणजे काय करत होता? त्याने दोन वीणा घ्यायला सांगितल्यात. प्रत्येकीला बावीस तारा. एक अचल, एक चल. तारा लावायच्या कशा, तर प्रत्येक पुढची तार मागच्यापेक्षा किंचित चढी, इतकी किंचित की दोघींच्या मध्ये तिसरा नाद बसू नये. मग अचल वीणा तशीच ठेवून चल वीणा पायरीपायरीने उतरवायची आणि कुठला सूर कुठल्या सुरात जाऊन मिळतो ते ऐकायचं. मूळ कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली, पण बावीस तारा ही याची.

इंजिनिअर म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया चिडचिडीची होती. एकक कुठाय? 'किंचित' म्हणजे किती? तारेची लांबी किती घ्यायची, कुठे दाबायची, काहीच नाही. तारेची लांबी भागून सुरांच्या जागा सांगणारा ग्रंथकार, अहोबल, पुढे सतराव्या शतकात येतो. शार्ङ्गदेवाचं उपकरण म्हणजे कान. ज्याला आधीच ऐकू येतं त्यालाच हा प्रयोग जमणार.

पण त्याच ग्रंथात पडदे असलेली वाद्यंही आहेत. किन्नरी वीणेच्या पडद्यांना तो सारिका म्हणतो. त्या गिधाडाच्या हाडाच्या किंवा धातूच्या करायच्या आणि मेणासारख्या लुकणाने दांडीवर बसवायच्या. मेण तापवलं की सुटतं. म्हणजे चूक झाली तर सरकवता येतं. माझ्या गिटारचे फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकलेत. ते काढायचे तर पक्कड लागते.

*

हा फरक कुठून आला यावर मी बरेच दिवस अडलो होतो. उत्तर सापडलं विजयनगरात. १५५० मध्ये रामामात्याने 'स्वरमेलकलानिधी' लिहिला. त्याच्या वीणेला चार मुख्य तारा आणि त्यांच्या खालून आडवे जाणारे पडदे. आणि त्याच्यापुढे नेमका तोच प्रश्न होता जो स्केल शिकणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्यापुढे असतो.

पडदा आडवा असतो. एक पडदा सगळ्या तारांखालून जातो. माझ्या गिटारवर तिसरी तार सा धरली तर चौथा फ्रेट त्या तारेवर शुद्ध गंधार. तोच फ्रेट चौथ्या तारेवर निषाद, पाचव्यावर तीव्र मध्यम, दुसऱ्यावर कोमल धैवत, पहिल्या आणि सहाव्यावर कोमल रिषभ. गंधार नीट करायला फ्रेट जरासा हलवला की बाकीच्यांनी बोंब मारलीच. त्यातून सा बदलला, उद्या कुणी काळी एकमध्ये गायला बसलं, तर ही सगळी नावंच बदलतात.

रामामात्याने दोन प्रकार सांगितलेत. एका रागापुरते पडदे लावलेली वीणा, आणि सगळ्या रागांसाठी पडदे लावलेली वीणा. चल-अचलचाच हा वडील. सतारीने पुढे यातून सुंदर पळवाट काढली: राग मुख्यत्वे एकाच तारेवर वाजवायचा, लांबीला. मग प्रत्येक पडद्याला एकच काम उरतं आणि तो हवा तिथे सरकवता येतो. सतारीची दांडी एवढी लांब का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती लांब आहे कारण ती आडवी जात नाही.

युरोपातही सुरुवातीला असंच होतं. ल्यूट आणि जुन्या गिटारचे फ्रेट तातीचे असत, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. सरकणारे. पण त्यांना सहा-सहा तारांवर आडवं वाजवायचं होतं, एकावेळी अनेक सूर. मग तडजोड आली. सगळी घरं सारख्या प्रमाणात करा, कुणालाच पूर्ण खूश करू नका. १५८१ मध्ये व्हिन्चेन्झो गॅलिलेईने, दुर्बिणीवाल्या गॅलिलिओच्या बापाने, ल्यूटसाठी सोपा नियम छापला: प्रत्येक फ्रेट उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर. बाप ल्यूटवादक होता, हे मला कुणी विज्ञानाच्या पुस्तकात सांगितलं नव्हतं. तिकडे चीनमध्ये झू झाइयू नावाच्या मिंग राजपुत्राने १५८४ मध्ये दोनाचं बारावं मूळ काढून नेमके आकडे दिले. अ‍ॅबॅकसवर. मला पायथनमध्ये एक ओळ लागली.

अठराचा नियम थोडा चुकतो. माझ्या गिटारची तार ६४८ मिलिमीटर आहे. बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ वर हवा. अठराच्या नियमाने तो ३२१.६ वर येतो. आजचे कारागीर १८ ऐवजी १७.८१७ वापरतात.

*

मग मी पट्टी घेतली.

शुद्ध पंचम निसर्गतः तारेच्या एक-तृतीयांशावर असतो: २१६ मिलिमीटर. माझा सातवा फ्रेट २१५.५ वर. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, बोटाच्या जाडीत हरवून जाईल. मध्यम एक-चतुर्थांशावर, १६२. फ्रेट १६२.५ वर. इथेही काही तक्रार नाही. आता गंधार. तारेच्या एक-पंचमांशावर, १२९.६. चौथा फ्रेट कुठाय? १३३.७ वर.

चार मिलिमीटर पुढे. पुढे म्हणजे तार आखूड, आखूड म्हणजे सूर चढा. आत्याने बघितलं नव्हतं, मोजलं नव्हतं, आतल्या खोलीत शेंगा फोडत होती.

पट्टीने एवढं नेमकं मोजता येत नाही, दशांश माझ्या लॅपटॉपचे आहेत. पण चार मिलिमीटर पट्टीवरही दिसतात. धैवतही साडेतीनाने पुढे. आणि आठवलं, आत्याने पंचमाबद्दल कधीच काही म्हटलं नव्हतं. गंधार आणि धैवत, एवढ्या दोनच तक्रारी, महिनाभर.

ॲपही खोटं बोलत नव्हतं. त्याला बारा समान घरांची भाषा येते, त्या भाषेत माझा गंधार अचूक होता. ४०० सेंट. आत्याचा ३८६. तिला हा ३८६ कुणी शिकवला? तंबोऱ्याने. खर्जाची तार नुसती मोकळी छेडली तरी ती एकाच वेळी अख्खी, अर्धी, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भागात थरथरते. पाचव्या भागाचा नाद म्हणजे गंधार. कुणी न वाजवता येतो, म्हणून त्याला स्वयंभू म्हणतात. रामामात्यानेही पडदे लावताना स्वयंभू स्वरांचाच दाखला दिलाय. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. जवारी नीट लागलेली असेल तर गंधार आपोआप वर तरंगतो. आत्याने चाळीस वर्षं त्याच्याखाली बसून गाणं केलं.

"पण तू पोरींना पेटीवर शिकवायचीस. पेटीत पण हाच चढा गंधार असतो."

"म्हणून तर पेटी बंद करून गायला लावायचे," ती म्हणाली. "आधी पेटीवर जागा दाखवायची, मग तंबोऱ्यावर खरी करून घ्यायची."

आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. त्या बंदीमागच्या अनेक कारणांत हे चार मिलिमीटरही होते.

*

या भांडणात महाराष्ट्राने जेवढी डोकेफोड केली तेवढी क्वचितच कुणी केली असेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारा मोजून, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं पुढ्यात ठेवून, बावीस श्रुतींची गणितं मांडली आणि १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांच्या जोडीला क्लेमेंट्स नावाचे जिल्हा न्यायाधीश, आयसीएस. दोघांनी मिळून श्रुती देणारी पेटी तयार करवून घेतली. मार्च १९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ती मांडली गेली. समोर भातखंडे आणि देशभरचे गवई. पेटी तिथे टिकली नाही. तिचे सूर आणि गवयांच्या गळ्यातले सूर जुळेनात. भातखंड्यांचं म्हणणं साधारण असं की बारा सुरांवर व्यवहार चालतो, श्रुती गळ्यावर सोडा.

कलेक्टर, न्यायाधीश, वकील. आठशे वर्षांपूर्वीचा हिशेबनीस. आपल्या काळात ठाण्या-मुंबईकडचे डॉ. विद्याधर ओक, औषधशास्त्राचे डॉक्टर, ज्यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली. दफ्तरातल्या माणसांना सुरांचा हिशेब लागत नाही तोवर झोप येत नाही असं दिसतं. गाणारे मात्र गाऊन मोकळे.

मला या भांडणात देवल बरोबर वाटतात आणि भातखंडेही. देवलांचं मोजमाप खरं होतं. पण त्यांनी ते ठोकून पक्कं करायला बघितलं, आणि गवई एकाच रागात चढताना गंधार एका जागी आणि उतरताना दुसऱ्या जागी लावतो. तिथे मेणाच्या सारिकाच हव्यात.

खाँसाहेब पुढे मिरजेत राहिले. मिरजेतच आधी, एकोणिसाव्या शतकात, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यांचं काम सुरू केलं होतं. तलवारींना धार लावणारे हात तंबोऱ्याला जवारी काढायला लागले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे. आत्याच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक बारीक चीर आहे, लाखेने बुजवलेली. ती माझ्या क्रिकेटच्या चेंडूची. तेव्हा ती मला काही बोलली नव्हती.

*

निघायच्या आदल्या रात्री मी तंबोऱ्याची खोळ काढली. खुंट्या आखडल्या होत्या, खडू लावून फिरवल्या. मी लावायला घेतला तर दहा मिनिटांतच आत्याने हातातून काढून घेतला. पंचम, दोन जोडाच्या, खर्ज. मणी खालीवर. जवारीचा दोरा बोटाने किंचित सरकवला आणि खोलीत एकदम ते भरून आलं.

मी गिटारची तिसरी तार तिच्या षड्जाला मिळवली, चौथी पंचमाला. दुसरी तार मोकळी म्हणजे गंधार. तिथे फ्रेट नाही, खुंटी आहे. ती हळूहळू उतरवत गेलो. फोनवरची सुई मधून सरकली, पिवळी झाली, मग लाल. मी थांबत होतो, आत्या मानेने 'अजून' म्हणत होती. अजून. मग दोन्ही नाद एकमेकांत विरघळले, मधली थरथर बंद झाली.

"हां," ती म्हणाली. "हा गंधार."

शाळेतल्या बाईंचा फोन संध्याकाळीच येऊन गेला होता, तंबोरा न्यायला कधी येऊ म्हणून. दिवाळीनंतर बघू, असं आत्याने सांगितल्याचं मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

मला जोर आला. त्याच दुसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट दाबून मी बिलावल पुढे न्यायला लागलो.

आत्याने तंबोरा थांबवला नाही. डोळे मिटलेलेच. "पंचम उतरला," ती म्हणाली.